'मला काय कळतंय त्यातलं' म्हणणाऱ्यांसाठी: पुण्यात आजचं चित्रप्रदर्शन कसं पाहावं

सवाईला जाणाऱ्या दहा जणांतल्या आठ जणांना राग ओळखता येत नाही. तरी ते जातात, मान डोलावतात, एखादी तान आवडली की 'वा!' म्हणतात, आणि मध्यंतरात वड्याच्या रांगेत उभं राहून कालच्या गायकापेक्षा आजचा कसा होता यावर ठासून बोलतात. हीच माणसं चित्रांच्या दालनात शिरली की त्यांचा आवाज बसतो. हात मागे बांधून भिंतीकडेने एक फेरी, दाराशी वहीत सही, की बाहेर. का, तर 'आपल्याला त्यातलं कळत नाही'.

कळायचं नंतर बघू. आधी दिसायला हवं, आणि दिसलं ते सांगता यायला हवं. या लेखात एवढंच आहे, फक्त ते करायचं कसं ते जरा सविस्तर.

आधी जागा निवडा

पुण्यात प्रदर्शनं दोन तऱ्हेची असतात. हा फरक माहीत असला की पुढच्या निम्म्या गोष्टी सोप्या होतात.

पहिल्या तऱ्हेत चित्रकार स्वतः हॉल भाड्याने घेतो. जंगली महाराज रस्त्यावरच्या बालगंधर्व रंगमंदिराचं कलादालन आणि घोले रोडवरचं राजा रविवर्मा कलादालन ही दोन्ही महापालिकेची. इथली प्रदर्शनं दोन-चार दिवसांची असतात. चित्रं टेम्पोतून येतात, चित्रकाराचे मित्र खिळे ठोकायला मदत करतात आणि चित्रकार सगळे दिवस दाराजवळच्या टेबलाशी बसून असतो. कोणाला लावायचं याची फार कडक निवड नसल्याने पहिल्या दिवशी जलरंगातले वाडे आणि घाट, तर त्याच आठवड्याच्या शेवटी एकदम चक्रावून टाकणारं काहीतरी, असं होऊ शकतं. वाड्यांचे दरवाजे, पावसातला लक्ष्मी रस्ता आणि उधळलेले घोडे यांचं आपल्या शहरात भरघोस पीक आहे. त्यातलं काही खरंच चांगलं असतं. पण आजची चित्रकला म्हणून ज्याच्याबद्दल लोक घाबरतात ते हे नव्हे.

दुसऱ्या तऱ्हेत गॅलरी किंवा संस्था निवडून प्रदर्शन लावते. शनिवार पेठेत अहिल्यादेवी शाळेजवळचं सुदर्शन कलादालन, सेनापती बापट रस्त्याच्या बाजूला पत्रकारनगरकडचं दर्पण, कोरेगाव पार्कात विदा हैदरी कंटेम्पररी, बोट क्लब रस्त्यावरचं मॅक्सम्युलर भवन. ही प्रदर्शनं जास्त दिवस राहतात, क्युरेटर, म्हणजे कामं निवडून मांडणारा माणूस, असतो, भिंतीवर लिहिलेला मजकूर असतो, आणि बरेचदा चित्रकार तिथे नसतो. कोरेगाव पार्कातल्या गॅलरीत काचेचं दार ढकलताना अनेकांना वाटतं की आपल्याला कोणी 'काय काम आहे?' विचारेल. कोणी विचारत नाही. गॅलरीत पाहायला तिकीट नसतं आणि विकत घेण्याची सक्तीही नसते.

नवख्या माणसाने सुरुवात पहिल्या तऱ्हेपासून करावी असं माझं मत आहे. तिथे माणूस समोर बसलेला असतो, त्याला विचारता येतं.

कला महाविद्यालयांची वार्षिक प्रदर्शनं मात्र विसरू नका. अभिनव कला महाविद्यालयाचं असो की भारती विद्यापीठाचं, विशी-बाविशीतली मुलं काय करून पाहतायत ते तिथे कळतं. फसलेलं काम आणि जमलेलं काम शेजारी शेजारी टांगलेलं असतं, आणि डोळा तयार व्हायला तेच उपयोगी.

कुठे काय चालू आहे ते वर्तमानपत्राच्या शहर पानावरच्या कार्यक्रमांच्या यादीत असतं, आणि आता गॅलऱ्यांच्या इन्स्टाग्रामवर जास्त. खासगी गॅलरीला निघण्यापूर्वी फोन करा. प्रदर्शन बदलायच्या दिवसांत दालन बंद असतं.

उद्घाटनाला जाऊ नये. चहा, सामोसा आणि ओळखीचे चेहरे मिळतात, चित्रं दिसत नाहीत, कारण प्रत्येक चित्राला कोणीतरी पाठ लावून उभं असतं. आठवड्यातल्या मधल्या दिवशी चार-पाचच्या सुमाराला जा. बालगंधर्वला मेट्रोने गेलात तर छत्रपती संभाजी उद्यान स्थानक जवळ पडतं आणि पार्किंगची कटकट वाचते.

आत गेल्यावर पहिली फेरी

दाराशी पत्रक ठेवलेलं असेल तर घ्या, पण वाचू नका. घडी घालून खिशात ठेवा. मग न थांबता, नेहमीच्या चालीने, सगळ्या दालनात एक फेरी मारा. पाट्यांकडे बघायचं नाही. या फेरीत एवढंच टिपायचं की पाय कुठे रेंगाळले. आवडलं म्हणून रेंगाळले की खटकलं म्हणून, ते आत्ता ठरवायची गरज नाही.

मग त्यातली दोन किंवा तीन कामं निवडा आणि बाकीची सोडून द्या. हे सांगितलं की लोकांना अपराधी वाटतं, आलोच आहोत तर सगळं बघून जाऊ. पण सगळं बघणारा माणूस खरं तर काहीच बघत नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात प्रेक्षक एका चित्रासमोर किती वेळ थांबतात हे दोन संशोधकांनी मोजलं होतं, २००१ साली ते प्रसिद्ध झालं. सरासरी निघाली २७ सेकंदांच्या आसपास, आणि निम्मे लोक १७ सेकंदांच्या आतच पुढे सरकले होते. तेही जगातली नावाजलेली चित्रं समोर असताना. त्यातला काही वेळ पाटी वाचण्यातही जातो.

एका कामासमोर दहा मिनिटं

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, म्हणून उदाहरण घेऊन सांगतो. काम काल्पनिक आहे, पण अशा जातीची कामं तुम्हाला दिसतील.

समजा, भिंतीवर साधारण पाच फूट उंच आणि सात फूट रुंद असा एक पडदा टांगला आहे. तो सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या उसवून, एकमेकींना जोडून शिवलेला आहे. त्यावर दोऱ्याने काहीतरी काढलंय.

आता मनात, किंवा सोबत कोणी असेल तर हळू आवाजात, जे दिसतंय ते बोला. फक्त नामं आणि क्रियापदं. 'सुंदर', 'उदास', 'गूढ' ही विशेषणं दहा मिनिटं बंद. पिशव्या राखाडी आहेत. काहींवर '५० किलो' असं छापलेलं दिसतंय, दोन ठिकाणी ते उलटं आहे. शिवण हाताची आहे, मशीनची नाही, कारण टाके सारखे नाहीत. टाका कुठला? धावदोरा, गोधडीला घालतात तो. दोरा काळा आहे. दोऱ्याच्या रेघांनी वेडेवाकडे चौकोन झालेत, काही लांबट, काही त्रिकोणी. डावीकडे चौकोन मोठे, उजवीकडे जाताना लहान होत जातात. उजव्या कोपऱ्यात तर ते इतके बारीक की जाळी झालीये.

आता जवळ जा. हातभर अंतरापर्यंत. पिशवीच्या विणीत सिमेंटची पूड अजून अडकलेली आहे. डावीकडच्या एका चौकोनात दोरा काळा नाही, हिरवा आहे, आणि ती कडा पूर्ण झालेली नाही. दोरा तसाच लोंबतोय. दूर होतात तेव्हा हे दिसलं नव्हतं. आता उलट मागे जा, समोरच्या भिंतीला पाठ टेकेपर्यंत. चौकोन एकमेकांत मिसळतात आणि सगळं मिळून वरून पाहिलेल्या जमिनीसारखं दिसायला लागतं. बांध, वावरं, आणि एका बाजूने सरकत येणारी दाटी.

इथवर तुम्ही कोणालाही काही विचारलेलं नाही, कुठलं पुस्तक वाचलेलं नाही.

आता पाटी वाचा. समजा, शीर्षक आहे 'सातबारा'. एका शब्दाने केवढी उलथापालथ झाली बघा. चौकोन हे गट नंबर झाले. उजवीकडची जाळी म्हणजे गुंठेवारी झाली. सिमेंटची पिशवी ही नुसती हाताला लागलेली वस्तू राहिली नाही. ज्या मालाने ती जमीन झाकली गेली, त्याच मालाच्या कातडीवर तिचा नकाशा काढलाय. हिंजवडी, वाघोली, मांजरी या बाजूला ज्यांचं घर किंवा शेत आहे त्यांना हे बाकीच्यांच्या आधी लागेल. आणि तो हिरवा, अर्धवट सोडलेला चौकोन? विकली न गेलेली जमीन? भावकीत वाद चालू असलेली? की नुसताच दोरा संपला? हे विचारण्यासारखं आहे, आणि विचारायला माणूस टेबलाशी बसलेला आहे.

पाटी आधी वाचली असती तर काय झालं असतं? 'अच्छा, शेतजमिनीवर आहे' एवढं म्हणून आपण पुढे गेलो असतो. दोरा दिसलाच नसता.

पाटी वाचायची म्हणजे नाव वाचायचं असं लोकांना वाटतं. नावाइतकंच माध्यम महत्त्वाचं. 'कॅनव्हासवर ॲक्रिलिक', 'कागदावर मिश्र माध्यम', 'वुडकट' (लाकडी ठशावरून काढलेलं छापाचित्र) यांतून काम कसं झालं ते कळतं. चित्रकार प्रभाकर बरवे कॅनव्हासवर एनॅमल वापरत, म्हणजे आपण दारं-खिडक्यांना मारतो तो रंग. हे कळलं की त्यांच्या चित्रांतला तो सपाट, थंड पृष्ठभाग कुठून आला हे लक्षात येतं. मापं दिलेली असतात त्यांत आधी उंची आणि मग रुंदी अशी रीत आहे. शीर्षकाच्या जागी 'शीर्षकविरहित' किंवा 'अनटायटल्ड' असेल तर चित्रकाराने आळस केलाय असं समजू नका. नावाजलेले अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांची बरीचशी चित्रं अशीच आहेत. नाव दिलं की माणूस चित्रात तेच शोधत बसतो.

भिंतीवरचा क्युरेटरचा मजकूर सगळ्यात शेवटी. तो अनेकदा इतका जड असतो की वाचून आत्मविश्वासच जातो. दोन परिच्छेदांत तुम्ही पाहिलेल्या कामाचा उल्लेख आला नाही तर खुशाल सोडून द्या. त्यात दोष तुमचा नाही.

भिंतीवर काही नसेलच तर

मांडणीशिल्प, म्हणजे इन्स्टॉलेशन, दिसलं की आधी त्याच्याभोवती आणि परवानगी असेल तर त्याच्या आतून चाला. इथे तुमचं शरीर कुठे आहे याला किंमत असते. मुंबईच्या कलाकार शिल्पा गुप्ता यांचं एक प्रसिद्ध काम आहे: अंधाऱ्या खोलीत छताला टांगलेले शंभर मायक्रोफोन, प्रत्येकाखाली लोखंडी सळईत टोचलेला एकेक कागद, आणि त्या कागदांवर वेगवेगळ्या काळांत तुरुंगात टाकल्या गेलेल्या कवींच्या ओळी. मायक्रोफोन बोलणं घेत नाहीत, ऐकवतात. या कामाचा फोटो पाहून काहीच हाती लागत नाही, त्या सळयांमधून जावं लागतं. २०१८ला कोचीच्या आणि २०१९ला व्हेनिसच्या द्वैवार्षिकात, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या मोठ्या कलाप्रदर्शनात, ते मांडलं होतं.

रोजच्या वस्तू असतील तर पहिला प्रश्न: हीच वस्तू का? शिल्पकार सुबोध गुप्तांनी स्टीलची भांडी रचून प्रचंड कवटी केली, २००६ साली. लग्नात रुखवतावर मांडतो तीच भांडी. पितळेची केली असती तर तेच काम झालं असतं का, एवढा विचार केला तरी पुष्कळ.

व्हिडिओ असेल तर पाटीवर कालावधी पाहा. सहा-सात मिनिटांचा असेल तर बसा, मधून आला असाल तर पुन्हा सुरुवात येईपर्यंत थांबा. चाळीस मिनिटांचा असेल तर मी स्वतः दहा मिनिटं देतो. तेवढ्यात त्याने धरलं नाही तर उठतो.

'हे तर आमचा बंड्याही काढेल'

हे वाक्य मनात येणारच, दाबू नका. फक्त त्याच्या पुढे एक पाऊल टाका: कसं काढेल? गायतोंड्यांचं एखादं चित्र लांबून म्हणजे रंगाचा एक मोठा, धुकट पट्टा. पण ते रोलर आणि पॅलेट नाइफने, म्हणजे रंग लावायच्या बोथट सुरीने, थरावर थर चढवायचे, खरवडायचे, पुन्हा चढवायचे, आणि वर्षाकाठी मोजकीच चित्रं पुरी करायचे. बंड्याकडून एवढा दम निघेल का, बघा.

हे उत्तर सगळीकडे चालत नाही, कारण काही कामांत हाताचं कसब मुद्दामच काढून टाकलेलं असतं. फ्रेंच कलाकार मार्सेल द्युशाँने १९१७ साली न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनात बाजारातून आणलेलं चिनी मातीचं मुतारीचं भांडं 'आर. मट' अशी सही करून पाठवलं. शुल्क भरणाऱ्या प्रत्येकाचं काम लावू असं म्हणणाऱ्या त्या मंडळींनी ते काही लावलं नाही. मूळ भांडं पुढे हरवलं, पण ही कला म्हणायची का हा वाद अजून चालू आहे. इटालियन कलाकार मॉरिझिओ कॅटेलानने २०१९ला मायामीत भिंतीला चिकटपट्टीने केळं लावलं. त्याची एक आवृत्ती २०२४च्या नोव्हेंबरात लिलावात ६२ लाख डॉलरला गेली, आणि घेणाऱ्याने ते केळं खाल्लं. विकत घेतलेली गोष्ट म्हणजे प्रमाणपत्र आणि केळं कसं लावायचं त्याच्या सूचना. मला विचाराल तर द्युशाँचं भांडं अजून चावतं, केळ्याची गंमत एकदा ऐकली की संपते. तुम्हाला उलट वाटू शकतं. वाटल्याचं कारण सांगता आलं की झालं.

फार धास्ती वाटत असेल तर माणसं असलेल्या चित्रांपासून सुरू करा. सुधीर पटवर्धनांची चित्रं जिथे दिसतील तिथे पाहा. जन्म पुण्याचा, १९४९चा, शिक्षण इथल्याच एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात, आणि ठाण्यात कितीतरी वर्षं रेडिओलॉजिस्ट म्हणून नोकरी-धंदा सांभाळून चित्रं काढली. लोकल, इराण्याचं हॉटेल, चाळी, पूल, कामावर जाणारी माणसं. समोर काय आहे ते लगेच कळतं, म्हणून डोळा निवांतपणे कसं रचलंय याकडे वळतो.

चित्रकाराशी बोलताना

'यातून तुम्हाला काय सांगायचंय?' हा प्रश्न टाळा. सांगता आलं असतं तर त्यांनी दोन ओळी लिहून दिल्या असत्या. 'किती दिवस लागले?' हाही नको. पुण्यात प्रत्येक दुसरा माणूस हाच विचारतो आणि टेबलामागचा माणूस तेच उत्तर देऊन कंटाळलेला असतो.

त्यापेक्षा एका जागेवर बोट ठेवा, म्हणजे लांबून. 'सर, तो हिरवा दोरा मुद्दाम अर्धा सोडलाय का?' 'ताई, या चारांत हे आधी केलंत की शेवटी?' 'पिशव्या नव्या का नाही घेतल्या?' असा प्रश्न आला की माणूस खुर्चीतून उठतो, चित्रापाशी येतो, आणि पुढची वीस मिनिटं तुमची. कधी कधी उत्तर अगदीच साधं निघतं: दोरा खरंच संपला होता, मग तसंच बरं दिसलं. तेही खरं उत्तर आहे.

तुम्हाला जे वाटलं ते चित्रकाराच्या मनात नसेल तर तुमचं चूक ठरत नाही. पण कामात जे दिसतंय त्याच्याशी ते जुळायला हवं. 'सातबारा' पाहून कोणी 'यात मला आईची आठवण आली' म्हणालं तर मी विचारीन, कशामुळे? धावदोऱ्यामुळे, आई गोधड्या शिवायची, असं उत्तर आलं तर ते कामातूनच आलं. कशामुळे ते सांगता येत नसेल तर ती आठवण तुम्ही घरून घेऊन आला होता.

अभिप्रायाची वही

कुठलीही वही उघडा: 'अप्रतिम!', 'खूप छान, पुढील वाटचालीस शुभेच्छा', 'ग्रेट वर्क'. खाली सही आणि फोन नंबर. चित्रकार रात्री घरी जाऊन ही वही वाचतो, हे लक्षात ठेवा. त्याला यातून काय मिळणार?

तीन ओळी लिहा. कुठलं काम, त्यात काय दिसलं, आणि त्याने काय झालं किंवा काय अडलं. असं काहीसं:

'सातबारा पाहिलं. लांबून नकाशा वाटला, जवळ गेल्यावर हिरवा दोरा दिसला, मग तेवढ्याच भागाकडे बघत राहिलो. शेजारचं विटांचं काम मात्र तेच पुन्हा सांगतंय असं वाटलं.'

नावडलेलं लिहायला हरकत नाही, पण तेही बोट ठेवून. 'काही कळलं नाही' यापेक्षा 'तिसऱ्या कामात आरसा कशासाठी आहे ते लागलं नाही' हे कितीतरी उपयोगाचं.

घरी आल्यावर न बघता आठवणीतून एका कामाचं चार रेघांत रेखाटन करून पाहा. हात येत नसला तरी चालेल. कोपऱ्यात काय होतं ते आठवत नाही म्हणजे तिथे पाहिलंच नव्हतं. प्रदर्शन चालू असेल तर पुन्हा जा.

बारीकसारीक

हात लावू नये, 'स्पर्श करा' असं लिहिलेलं नसेल तोवर. कोरड्या दिसणाऱ्या कॅनव्हासलाही बोटाचं तेल लागतं. पाठीवरची सॅक पोटाशी घ्या किंवा टेबलाशी ठेवा; वळताना तिचा धक्का शिल्पाला लागतो आणि वळणाऱ्याला पत्ताही नसतो. फोटो विचारून, फ्लॅश बंद. लहान मुलांना जरूर न्या, पण अर्ध्या तासाच्या वर नको. 'यात काय काय सापडतंय ते मोज' एवढंच काम त्यांना द्या. मोठ्यांच्या आधी तो हिरवा दोरा त्यांनाच दिसतो, कारण त्यांची उंची तिथे असते.

आणि घ्यावंसं वाटलं तर

किंमत पाटीवर नसली तर यादी मागा, त्यात संकोच नाही. पाटीशेजारी लाल टिकली चिकटवलेली असेल तर ते काम विकलं गेलंय. पहिल्यांदा घेणाऱ्याने छापाचित्रांकडे पाहावं: वुडकट, लिनोकट, एचिंग. एकाच ठशावरून मोजक्या प्रती काढलेल्या असतात म्हणून तीच सही असलेल्या कॅनव्हासपेक्षा किंमत बरीच कमी. खाली पेन्सिलीने '३/१०' असं लिहिलेलं दिसेल, म्हणजे दहातली तिसरी प्रत. सही आणि हा आकडा दोन्ही आहेत ना ते बघा. फ्रेम किमतीत धरली आहे का ते आधीच विचारा, आणि पावतीवर कामाचं नाव, माध्यम, माप आणि वर्ष लिहून घ्या. पैसे दिले तरी चित्र लगेच हातात मिळत नाही; ते भिंतीवरच राहतं आणि शेवटच्या दिवशी संध्याकाळी, सगळं उतरवताना, न्यायला यावं लागतं. रिक्षात मावेल का, तेवढं माप आधी काढून ठेवा.